गेमचा डब्बा, एचडी टीव्ही आणि मधली केबल : पैसे कुठे घालावे, कुठे वाचवावे

ईद झाली की घरातल्या पोट्ट्यांच्या हातात ईदी जमते, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की एकच मागणी सुरू होते : गेम घ्यायचा. नवा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स सगळ्यांना परवडत नाही, म्हणून मामूच्या ओळखीतून नाहीतर मोबाईलवरच्या जाहिरातीतून सेकंडहँड डब्बा घरी येतो. मनीषनगर, बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये भिंतीवर चांगला मोठा टीव्ही असतोच. मग लक्षात येतं की डब्ब्यासोबत केबल आलेलीच नाही, किंवा जी आली ती टीव्हीला बसतच नाही. अब्बू दुकानात जातात, दुकानदार तीन-चार केबल समोर ठेवतो. एक दोनशेची, एक आठशेची, एक दोन हजारांची. "भाऊ, ही घ्या, सोन्याची पिन आहे, चित्र एकदम क्लिअर."

दोन हजारांच्या केबलने चित्र क्लिअर होतं का? बहुतेक घरांत उत्तर आहे : नाही. केबल चित्र तयार करत नाही. चित्र गेमचा डब्बा तयार करतो, दाखवतो टीव्ही. केबल फक्त एकाकडून दुसऱ्याकडे पोचवते. म्हणून केबल निवडण्याआधी दोन्ही टोकांना काय आहे ते पाहायचं. एवढं समजलं की निम्मे पैसे तिथेच वाचतात.

आधी मागची बाजू बघा

दुकानात जाण्याआधी दोन फोटो काढा. एक गेमच्या डब्ब्याच्या मागचा, दुसरा टीव्हीच्या मागचा आणि बाजूचा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मोबाईलचा हात मागे घालून, फ्लॅश लावून फोटो घ्या. मनीषनगरवाल्यांना उज्ज्वलनगर स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डी सोपी आहे हे खरं, पण चुकीची केबल बदलायला पुन्हा तोच फेरा कशाला? फोटो दाखवला की दुकानदारालाही अंदाजाने बोलावं लागत नाही.

फोटोत तुम्हाला या तीनपैकी काहीतरी दिसेल.

पहिली, पिवळी-पांढरी-लाल अशी तीन गोल पिनांची केबल. आपण तिला एव्ही केबल म्हणतो. पिवळ्या पिनेतून सगळं चित्र जातं, पांढरी आणि लाल आवाजासाठी. ही जुन्या डब्बा टीव्हीच्या जमान्यातली व्यवस्था आहे. पिवळ्या एका तारेत रंग आणि उजेड एकत्र कोंबून पाठवतात, म्हणून अक्षरांच्या कडा धुरकट दिसतात. या तारेतून एचडी चित्र जातच नाही. मग तार सोन्याची असो की चांदीची.

दुसरी, पाच पिनांची केबल. हिरवी, निळी, लाल या तीन चित्राच्या, आणि पांढरी, लाल या दोन आवाजाच्या. हिला कंपोनंट म्हणतात. यात लाल पिना दोन असतात आणि लोक त्यांचीच अदलाबदल करतात. इथे चित्र तीन तारांत वाटून जातं, म्हणून पिवळ्या तारेपेक्षा खूपच स्वच्छ दिसतं. या केबलमधून एचडी चित्र जाऊ शकतं.

तिसरी, एचडीएमआय. एकच चपटी पिन, आत १९ बारीक जोडण्या. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच तारेतून, तेही डिजिटल. हिचं पहिलं रूप २००२ च्या डिसेंबरमध्ये आलं. सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची अशा कंपन्यांनी मिळून ते ठरवलं. आज दुकानात मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक टीव्हीला ही खाच असते.

नियम सोपा आहे. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर दुसरा विचार करू नका, एचडीएमआयच घ्या. डब्ब्याला एचडीएमआय नसेल आणि टीव्हीला पाच पिना बसत असतील तर कंपोनंट. दोन्ही नसेल तरच पिवळी.

तुमच्याकडे कोणता डब्बा आहे?

प्लेस्टेशन २ : हा २००० साली आला आणि आपल्याकडे खूप वर्षं टिकला. कबड्डी, गिल्ली-दांडू, पतंग असे खेळ असलेला 'देसी अड्डा' त्यावर २००९ मध्ये आला होता, म्हणजे बघा. अजूनही कित्येक घरांत तो चालू आहे. याला एचडीएमआय नाही. सोबत पिवळी केबल येते. मोठ्या टीव्हीवर चित्र जास्तच धुरकट वाटत असेल तर याची कंपोनंट केबल मिळते, ती लावा. फक्त डब्ब्याच्या सेटिंगमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट'मध्ये आरजीबी नको, वाय सीबी सीआर निवडा, नाहीतर रंग हिरवट-विचित्र दिसतील. तरीही हा एचडी डब्बा नाही. फरक पडेल, पण नव्या गेमसारखं चित्र मागू नका.

निन्टेंडो वी : २००६ चा. यालाही एचडीएमआय नाही. कंपोनंट केबलने चित्र सुधारतं, पण एचडी होत नाही. याची मजल ४८० ओळींपर्यंतच आहे.

एक्सबॉक्स ३६० : हा आपल्या देशात २००६ मध्ये विकायला आला. सुरुवातीच्या डब्ब्यांना एचडीएमआय नव्हतं, २००७ पासून यायला लागलं. सेकंडहँड घेताना मागे ती खाच आहे का हे आधी बघा, मग भाव बोला.

प्लेस्टेशन ३ : फसगत इथे सगळ्यात जास्त होते. याला पहिल्या दिवसापासून एचडीएमआय आहे, पण खोक्यात पिवळी केबलच यायची. त्यामुळे कितीतरी घरांत वर्षानुवर्षं एचडी डब्बा, एचडी टीव्ही आणि मधे पिवळी केबल, असं चाललं. चित्र धुरकट दिसतं म्हणून लोक टीव्हीला नावं ठेवायचे. अशा घरात दोन-तीनशे रुपयांची साधी एचडीएमआय केबल लावली की टीव्ही नवा वाटायला लागतो. केबलवर खर्च केलेला पैसा डोळ्यांना दिसतो तो इथे.

प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन, सिरीज एस आणि एक्स, निन्टेंडो स्विच : यांना चित्रासाठी एचडीएमआयच आहे, पिवळी पिन बसतच नाही. नवा डब्बा घेतला तर केबल खोक्यातच येते, वेगळी घेऊ नका. सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा : "खोक्यातली मूळ केबल आहे का?" प्लेस्टेशन ५ सोबत सगळ्यात वरच्या दर्जाची केबल येते, तीच हरवलेली असेल तर भावात तेवढे कमी करून घ्या.

टीव्ही किती दाखवू शकतो?

चित्र हे बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. पिवळ्या तारेतलं चित्र सुमारे ४ लाख ठिपक्यांचं. ३२ इंची टीव्हीवर बहुधा 'एचडी रेडी' लिहिलेलं असतं, त्यात साधारण साडेदहा लाख ठिपके. 'फुल एचडी' म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २१ लाख. आणि 'फोर के' म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख.

आता हिशेब करा. टीव्ही एचडी रेडी असेल तर डब्बा कितीही भारी असो, पडद्यावर साडेदहा लाखांच्या वर ठिपके दिसणार नाहीत. त्याला फोर के ची केबल लावली म्हणून पडद्यावर ठिपके उगवत नाहीत. उलट टीव्ही फोर के आहे, डब्बाही फोर के देतो, पण केबल पंधरा वर्षं जुनी आहे, तर अडचण येऊ शकते. तिघांत जो सगळ्यात कमजोर, त्याच्याच चालीने सगळे चालतात.

एचडीएमआयमध्ये पण प्रकार आहेत

दुकानात केबलच्या पाकिटावर '२.०', '२.१', 'एट के' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. हे आकडे केबलचे नाहीत, यंत्रातल्या खाचेचे आहेत. केबलच्या पाकिटावर असा आकडा छापू नये, असं एचडीएमआयची परवाना देणारी संस्थाच सांगते. केबलची खरी ओळख तिच्या वेगाच्या नावाने होते :

- स्टँडर्ड : फक्त जुन्या एचडी चित्रापुरती. आता घेऊ नका.
- हाय स्पीड : फुल एचडी टीव्हीसाठी भरपूर. प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स ३६०, स्विच यांना एवढी पुरते.
- प्रीमियम हाय स्पीड : सेकंदाला १८ गिगाबिट. फोर के चित्र, सेकंदाला ६० वेळा. प्लेस्टेशन ४ प्रो, आणि साध्या फोर के टीव्हीवर प्लेस्टेशन ५ सुद्धा.
- अल्ट्रा हाय स्पीड : सेकंदाला ४८ गिगाबिट. फोर के चित्र, सेकंदाला १२० वेळा. ही तेव्हाच लागते जेव्हा डब्बा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असतो आणि टीव्ही सुद्धा १२० हर्ट्झचा असतो.

टीव्हीच्या माहितीपत्रकात ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर १२० ची केबल घेऊन फायदा शून्य. आणि खरंच अल्ट्रा हाय स्पीड घ्यायची असेल तर पाकिटावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं. एचडीएमआयच्या अ‍ॅपमधून ते तिथल्या तिथे, पैसे देण्याआधी, तपासता येतं. लेबल नाही आणि नुसतं 'एट के' लिहिलंय, तर जास्त पैसे मोजू नका.

सोन्याची पिन, जाड तार वगैरे

पिवळ्या तारेच्या जमान्यात तार खराब तर चित्र खराब, हे खरं होतं. तिथे चित्र लाटांच्या रूपात जातं, वाटेत थोडं बिघडलं की पडद्यावर तेवढंच बिघडलेलं दिसतं. एचडीएमआयमध्ये शून्य आणि एकचे आकडे जातात. टीव्हीला आकडे नीट पोचले तर चित्र पूर्ण, जसं डब्ब्याने पाठवलं तसंच. दोनशेच्या केबलने 'एक' पोचवला आणि दोन हजारांच्या केबलनेही 'एक'च पोचवला, तर टीव्हीला फरक कुठून कळणार? रंग गडद होणं, काळा रंग जास्त काळा दिसणं, हे केबलच्या हातात नाही.

मग केबल खराब असली तर काय होतं? लपत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मधेच पडदा काळा होतो, आवाज तुटतो, किंवा 'नो सिग्नल' येतं. असं काही होत नसेल तर तुमची केबल तिचं काम पूर्ण करतेय. पिनेवरच्या सोन्याच्या मुलाम्याने गंज लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. तो आता स्वस्त केबलवरही असतो.

म्हणजे सगळ्यात स्वस्त उचलायची का? तसंही नाही. अगदी पन्नास-शंभरची केबल पिनेपाशी सैल असते, महिनाभरात हलायला लागते. पिन घट्ट बसते का, तार पिनेपाशी पक्की आहे का, पाकिटावर वेगाचं नाव आहे का आणि बदलून देण्याची हमी आहे का, या चार गोष्टी बघा. दीड-दोन मीटरची चांगली हाय स्पीड केबल काही शे रुपयांत मिळते.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघा

नव्या टीव्हीला जुना डब्बा जोडायचा तर 'एव्ही टू एचडीएमआय' लागतो. जुन्या टीव्हीला नवा डब्बा जोडायचा तर 'एचडीएमआय टू एव्ही'. दोन्ही छोट्या डब्या दिसायला सारख्याच, पण काम उलटं. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दुकानात "कन्व्हर्टर द्या" एवढंच म्हटलं तर कोणता हातात पडेल सांगता येत नाही. "पीएस टू नव्या टीव्हीला लावायचा आहे" असं पूर्ण सांगा.

आणि कन्व्हर्टरने चित्र एचडी होत नाही. पिवळ्या तारेतले ४ लाख ठिपके तेवढेच राहतात, फक्त वाट बदलते. प्लेस्टेशन २ च्या मागच्या खाचेत थेट बसणारा एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतो. तो कंपोनंटचं चित्र घेतो, म्हणून पिवळ्या तारेवरच्या कन्व्हर्टरपेक्षा बरा.

घेण्याआधी अजून एक गोष्ट. नव्या टीव्हीला तीन गोल खाचा दिसत नाहीत म्हणून लोक लगेच कन्व्हर्टर आणतात. टीव्हीच्या बाजूला हेडफोनसारखं एक छिद्र आणि त्यापाशी 'एव्ही इन' लिहिलंय का बघा. असेल तर त्यात बसणारी छोटी वायर मिळते, तिच्या दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या खाचा असतात. टीव्हीच्या खोक्यात ती आलेलीही असते, ड्रॉवरमध्ये शोधा. काही टीव्हींना हिरव्या खाचेभोवती पिवळी कडा असते. पिवळी पिन तिथेच लावायची, आणि रिमोटवर 'एव्ही' निवडायचं. चित्र काळं-पांढरं आलं तर केबल खराब नाही. बहुतेक वेळा रिमोटवर 'कंपोनंट' निवडलेलं असतं, किंवा पिन चुकीच्या खाचेत असते.

खाचा मोजा

स्वस्त टीव्हीला एचडीएमआयच्या दोनच खाचा असतात. एकीत सेट टॉप बॉक्स, दुसरीत गेम. उद्या साउंडबार आणला तर त्याला 'एआरसी' लिहिलेली खाच लागते. तेव्हा रोज केबल काढ-घाल करून पिन सैल करण्यापेक्षा दुसरा मार्ग बघा. सेट टॉप बॉक्स साधा असेल, एचडी नसेल, तर त्याला पिवळी केबलच लावा आणि एचडीएमआयची खाच गेमसाठी मोकळी ठेवा. दादीच्या बातम्या तशाच दिसतील, पोट्ट्यांचा गेमही चालेल, भांडण मिटेल. तेही जमत नसेल तर एचडीएमआयचा स्विच मिळतो, तीन यंत्रं एका खाचेत. टीव्ही फोर के असेल तर स्विचही फोर के, ६० हर्ट्झचा घ्या.

लांबी आणि भिंतीतली वायर

केबल लागेल तेवढीच घ्या. टीव्हीखालच्या टेबलावर डब्बा असेल तर दीड-दोन मीटर पुरे. लांबी वाढली की सिग्नल कमजोर होतो, आणि जितकं चित्र मोठं तितकं हे लवकर जाणवतं. फुल एचडीला पाच मीटरपर्यंत सहसा त्रास होत नाही. फोर के १२० साठी मात्र दोन-तीन मीटरच्या आत राहिलेलं बरं. त्यापुढे फायबरची केबल लागते. तिला दिशा असते. एका टोकावर डब्ब्याची आणि दुसऱ्यावर टीव्हीची खूण असते, उलटी लावली तर चालत नाही.

मनीषनगरच्या बाजूला नवीन फ्लॅट होतच आहेत. तुमच्या घराचं काम सुरू असेल तर टीव्हीच्या भिंतीत एचडीएमआय केबल थेट प्लास्टरमध्ये गाडू देऊ नका. केबल दहा वर्षांत जुनी होते, भिंत तीस वर्षं राहते. जाड पाइप टाकून घ्या, वळण सरळ काटकोनात नको, गोलसर हवं, आणि आत ओढायची तार सोडून ठेवा. एचडीएमआयची पिन रुंद असते, बारीक पाइपमधून जात नाही. इलेक्ट्रिशियनला पिन हातात देऊन दाखवा.

चित्र येत नाही, मग?

आधी नवी केबल आणायला धावू नका. हे क्रमाने करा :

१. रिमोटचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून बरोबर एचडीएमआय नंबर निवडला का बघा.

२. केबल दुसऱ्या खाचेत लावा. मग तीच केबल सेट टॉप बॉक्सला लावून बघा. तिथे चालली तर केबल ठीक आहे.

३. प्लेस्टेशन ४ किंवा ५ असेल तर तो पूर्ण बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा, दुसरी 'बीप' येईपर्यंत, साधारण सात सेकंद. मग कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा. तिथे चित्राचा आकार बदलायचा पर्याय मिळतो. आधीच्या मालकाने मोठ्या टीव्हीसाठी सेटिंग केलेली असते, म्हणून सेकंडहँड डब्ब्यात हे खूपदा घडतं. प्लेस्टेशन ३ ला पण बटण दुसऱ्या बीपपर्यंत धरलं की चित्राचं सेटिंग नव्याने विचारतो.

४. चित्र येतंय पण क्रिकेटच्या गेममध्ये कोपऱ्यातला स्कोअर कापला जातोय, तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा.

५. बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते असं वाटलं तर टीव्हीचा 'गेम मोड' सुरू करा. हा उशीर केबलचा नसतो, टीव्ही चित्र सजवत बसतो त्याचा असतो.

६. फोर के टीव्हीवर एचडीआर येत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती खाच पूर्ण वेगाने उघडावी लागते. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीमध्ये 'डीप कलर' अशी नावं आहेत.

अर्थिंगची गोष्ट विसरू नका

केबल जोडताना डब्ब्याला किंवा पिनेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हसण्यावारी नेऊ नका. घराचं अर्थिंग नीट नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात मुलाच्या जिवाला धोका आहे. टीव्ही आणि गेम दोन्ही तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर लावा. केबल काढताना-घालताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची किंवा केबलची वायर बाहेरून येते, तीही काढून ठेवा. एचडीएमआयची खाच गेली तर बोर्ड उघडून टाके मारावे लागतात, आणि तो खर्च केबलच्या कित्येक पट असतो.

दुकानात काय म्हणायचं

फुल एचडी किंवा एचडी रेडी टीव्ही असेल : "दीड मीटरची हाय स्पीड एचडीएमआय द्या." साधा फोर के टीव्ही : "प्रीमियम हाय स्पीड." १२० हर्ट्झचा टीव्ही आणि प्लेस्टेशन ५ : "अल्ट्रा हाय स्पीड, लेबलवाली, स्कॅन करून बघतो." यापुढे दुकानदार जे काही सांगेल त्याला, "नको भाऊ, एवढंच बस."

दोन हजारांची केबल आणि काही शे रुपयांची केबल यांच्यात जो फरक उरतो, तेवढ्यात घरात अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन येऊन जातो. मुलाच्या ईदीतूनच पैसे जाणार असतील तर हा हिशेब त्यालाही समजावून सांगा. पाकिटावरची मोठी अक्षरं आणि आपली गरज यातला फरक ओळखणं त्याला पुढेही कामी येईल.